हेफ्ट, स्मिट आणि डोरा रेल्फ

मागच्या उन्हाळ्यात विद्यापीठातली एक बाई आमच्या खोऱ्यात आली होती. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडचे जुने शब्द गोळा करायचं तिचं काम. कुणीतरी तिला माझ्या दुकानाकडे पाठवलं. काउंटरपाशी उभी राहून तिने मला विचारलं, 'हेफ्ट' आणि 'स्मिट' या दोन शब्दांत फरक काय? दोन्ही शब्द मेंढी कुणाची तेच सांगतात, मग दोन कशाला?

मी जन्माने फलटणची. इथल्या दवाखान्यात नर्स म्हणून आले, रॉनी गिल्पिनशी लग्न केलं आणि त्याच्या बापाच्या दुकानात उभी राहिले, ती अजून उभीच आहे. मंदाकिनीचं इथे मँडी झालं. इंग्लंडच्या बाईने इंग्रजी शब्दांचा अर्थ मला विचारावा याचं हसू आलं, आणि थोडी ऐटही वाटली, खोटं कशाला बोलू.

सोपं होतं तेवढं सांगून टाकलं. स्मिट म्हणजे मेंढीच्या लोकरीवर मारलेली रंगाची खूण. कुणाची लाल, कुणाची निळी, कुणाची खांद्यावर, कुणाची कमरेवर. पण एकाची सर्दी दुसऱ्याला लागली तरी इथले म्हातारे स्मिट लागला म्हणतात, आणि कुणाच्या नावावर किटाळ आलं तर तोही स्मिटच. हेफ्टचं तसंच. पिशवी हातात उचलून तिचं वजन जोखायचं, तो हेफ्ट. आणि मेंढीचा डोंगरातला ठाव, तोही हेफ्ट. आमच्या डोंगराला वर कुंपण नाही. तरी प्रत्येक घरची मेंढी आपल्याच भागात चरते, कारण तिच्या आईने तिला तिथेच चरायला शिकवलं, आणि आईला तिच्या आईने.

बाई खूश झाली. म्हणाली, म्हणजे एक खूण बाहेरून लावलेली आणि एक आतून आलेली. मी म्हटलं, ऐकायला बरं वाटतं, पण इतकं सरळ नाही ते. मग चहा टाकला आणि तिला डोरा रेल्फची गोष्ट सांगितली. डोरा आता नाही, जॉस ॲलनबीही नाही, त्यामुळे सांगायला कुणाची हरकत नाही.

डोरा ब्रॅकनहाउची. आमच्या ओर्मडेल खोऱ्यातलं ते सगळ्यात वरचं घर. त्याच्या पुढे रस्ता नाही, नुसता डोंगर. बाई उंच, हाडकुळी, डोक्याला बारा महिने नवऱ्याची लाल लोकरी टोपी. दुकानात आली की साखरेची पिशवी उचलायची आणि तळहातावर तोलून बघायची. मग दुसरी उचलायची. मग पहिली पुन्हा. "ही हलकी आहे, मँडी," असं म्हणायची. मी ती काट्यावर ठेवून दाखवायची. वजन बरोबर भरायचं. मग ती काट्याकडे डोळे बारीक करून बघायची आणि काट्यावरून माझ्याकडे.

तिचा संशय कुणा एकावर नव्हता, त्या बाबतीत बाई फार न्यायी होती. पोस्टमन पत्रं वाफेवर धरून उघडतो, डॉक्टर औषधात पाणी घालतो, पाव विकणारा शिळा पाव पुन्हा भाजून आणतो. चर्चच्या दानपेटीत नाणं टाकलं की ते तळाला पडल्याचा आवाज येईपर्यंत ती तिथेच वाकून उभी राहायची. पाद्रीबाबा बिचारे दारात ताटकळायचे.

नवरा होता तोवर हे सगळं हसण्यावारी जायचं. विल्सन रेल्फ हा मोठ्याने हसणारा, रिकाम्या खिशाने दुसऱ्याला बिअर पाजणारा माणूस. तो चारचौघांत म्हणायचा, "डोरा, तुझी सावली सारखी तुझ्या मागे का येते, विचारलंस का तिला?" आणि डोराही हसायची. तिला हसवू शकणारा तो एकटाच होता.

मग एका हिवाळ्यात मोठं बर्फ पडलं. डोंगराच्या उजव्या कुशीत, खालूनही दिसेल असा, मर्क होल नावाचा खोलगट भाग आहे. तिथे जुना दगडी मेंढवाडा आहे. बर्फ पडलं की विल्सन पाठीवर वाळल्या गवताचा भारा घेऊन तिथे जायचा, अडकलेल्या मेंढ्यांना मेंढवाड्याच्या आडोशाला घालायचा. त्या वेळी गेला तो परत आला नाही. शेजारच्या गिलफूटचा जॉस ॲलनबी दुसऱ्या दिवशी त्याला खांद्यावर घेऊन खाली आला. मी तेव्हा दुकान सांभाळून अजून अर्धवेळ दवाखान्यात काम करत होते. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

डोराने शेत सोडलं नाही. रोज सकाळी कुत्रा आणि काठी घेऊन मेंढ्या बघायला जायची. दुकानाच्या मागच्या खिडकीतून मला ती लाल टोपी दिसायची, अलीकडच्या उतारावर, ओढ्याच्या काठाने, कधी खडकापाशी. मर्क होलच्या बाजूला मात्र ती टोपी मला कधी दिसली नाही. बाकी कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही. ज्याचे डोंगर त्याला, आपण कशाला बघायचं.

काही वर्षं अशीच गेली आणि डोराच्या मेंढ्या कमी भरायला लागल्या.

इथे वर्षातून काही वेळा सगळे शेजारी मिळून डोंगर झाडतात. कुत्री घेऊन वर जायचं आणि सगळ्या मेंढ्या खाली हाकायच्या. एकट्या माणसाचं ते काम नव्हे. तर दर वेळी डोराच्या काही मेंढ्या येईनात. नंतर कधीतरी त्याच मेंढ्या तिला डोंगरावर भेटायच्या, आणि भेटायच्या त्या कातरलेल्या. तिने कात्री लावलेली नसताना त्यांची लोकर गेलेली, आणि कमरेवर ताजा लाल रंग.

रंग तिचाच. ब्रॅकनहाउची खूण डाव्या कमरेवर लाल रेघ, गिलफूटची खांद्यावर निळी. पण डोराची रेघ सरळ खाली यायची आणि ही तिरकी होती, उलट्या बाजूला ओढलेली. खोऱ्यात डावखुरा मेंढपाळ एकच होता, जॉस.

डोरा काउंटरवर कोपरं टेकून मला हे हळू आवाजात सांगायची. मी म्हटलं, अगं, चोरायचीच असती तर त्याने निळा रंग मारला असता. तुझ्या मेंढीला तुझाच रंग मारणारा कसला चोर?

"माझी मेंढीच नाही ती," डोरा म्हणाली. "त्याच्या म्हाताऱ्या, दात पडलेल्या मेंढ्या आहेत. त्यांना लाल रेघ मारून माझ्यात सोडतो आणि माझ्या तरण्या घेऊन जातो. संख्या थोडीफार जुळली की झालं. बाईमाणूस, काय कळणार हिला."

आता कानाच्या कातरीवरून ओळखता आलं असतं. इथे कोकराच्या कानाला खाच पाडतात आणि प्रत्येक घरची खाच वेगळी असते. पण ब्रॅकनहाउ आणि गिलफूट ही एकेकाळी एकाच घरची शेतं, दोन भावांत वाटली गेलेली. कानाची खाच दोघांचीही एकच राहिली होती. फरक होता तो फक्त रंगाचा, आणि रंग काय, दर वर्षी लोकरीबरोबर उतरतो.

तरीही गोष्ट माझ्या दुकानातच राहिली असती. पण एका शनिवारी रॉनीने जॉसचं सामान काढून काउंटरवर ठेवलं. पाव, तंबाखू, खिळे, निळ्या स्मिटचा डबा. आणि लाल स्मिटचा डबा. डोरा तेव्हाच आत आली. तिने लाल डबा पाहिला, कुणाचं सामान ते विचारलं, आणि रॉनी भोळसट, त्याने सांगितलं. डोरा साखर न घेताच निघून गेली. साखर न घेता ती आजवर गेली नव्हती.

त्या दिवसापासून खोऱ्यात स्मिट पसरला. मी तो सर्दीच्या अर्थाने म्हणते आहे. एकाला झाला, मग त्याच्या शेजाऱ्याला. ज्यांच्या मेंढ्या कधी हरवल्या नव्हत्या ते दोनदा मोजायला लागले. कुणाला आठवलं की जॉसच्या बापानेही एकदा गडगा हातभर पुढे सरकवला होता. कुणाला आठवलं की विल्सन सापडला तेव्हा त्याचं घड्याळ सापडलं नव्हतं. माझ्या रॉनीने मागच्या खोलीतले बिअरचे खोके मोजले आणि पुन्हा मोजले. मला राग आला त्याचा, पण खरं सांगायचं तर लाल डबा माझ्याही मनातून जाईना. निळ्या रंगाच्या माणसाला लाल डबा कशाला?

मी जॉसला सरळ विचारलं. तो कमी बोलणारा माणूस. मोठं डोकं, मोठे हात, बोलायला लागलं की जमिनीकडे बघणार. म्हणाला, "रंग लागतो, म्हणून नेतो." मी म्हटलं, लोक काय म्हणतात ऐकलंस का? त्याने मान हलवली, पैसे ठेवले आणि गेला. माझ्याही मनात आलं, हा काहीतरी लपवतोय. आणि लपवतच होता तो.

ऑक्टोबरात डोंगर झाडायच्या दिवशी गिलफूटच्या मदतीला कुणी गेलं नाही. जॉस आणि त्याचे दोन कुत्रे दिवसभर वर पळत होते. डोरा खाली आपल्या फाटकात उभी राहून ते बघत होती.

नोव्हेंबरात आमच्याकडे मेंढपाळांचा मेळा भरतो. ज्याच्याकडे दुसऱ्याची चुकार मेंढी आली असेल त्याने ती तिथे आणायची आणि ज्याची त्याला द्यायची, एवढंच मुळात त्याचं काम. मग बिअर, मोठ्या परातीतलं मटण-बटाट्याचं टेटी पॉट, कुत्र्यांच्या बढाया, गाणी. मेळ्याचा म्हातारा होता जॉब थ्वेट. त्याचा शब्द शेवटचा. मेळ्याने एखाद्याला चोर ठरवलं तर त्याला कुणी तुरुंगात घालत नाही, पण त्याच्या डोंगरावर पुन्हा कुणी मदतीला जात नाही. मग त्याने शेत सोडायचं, दुसरं काय.

त्या वर्षी इस्टेटचा माणूसही आला होता, कार्सलेक म्हणून. खोऱ्यातली बहुतेक शेतं इस्टेटची. शेत भाड्याने मिळतं ते कळपासकट. कळप मालकाचा, राखायचा भाडेकरूने, आणि तो आपल्या हेफ्टवर टिकलेला असला पाहिजे, ही अट. हेफ्ट मोडला तर वर नवा कळप आणून त्याला जागा शिकवायला अर्धं आयुष्य जातं. म्हणून इस्टेट बाकी काही चालवून घेईल, हे नाही.

आणि म्हणूनच आमच्याकडे माणसाला दारुडा म्हणतात, चोर म्हणतात, बायकोने टाकलेला म्हणतात, पण तुझा हेफ्ट मोडलाय असं तोंडावर कुणी कुणाला म्हणत नाही. त्याच्याइतकी मोठी शिवी नाही. मी इथे इतकी वर्षं आहे, मी ती एकदाच ऐकली, आणि तीही जिची तिच्याच तोंडून.

डोरा त्या मेळ्याला चार मेंढ्या घेऊन आली. चारींच्या कमरेवर तिरकी लाल रेघ. तिने त्या सगळ्यांच्या मधोमध आणून उभ्या केल्या आणि एक एक मेंढी पोटाखाली हात घालून उचलली, माझ्या दुकानातल्या पिशवीसारखी तोलली आणि खाली ठेवली. मग म्हणाली, "या माझ्या नाहीत. या गिलफूटच्या आहेत. वर रंग माझा आहे, तो कुणी मारला ते जॉसने सांगावं."

जॉबने जॉसला विचारलं, रंग तू मारलास का? जॉस म्हणाला, हो. एवढ्यावरच पुष्कळांनी माना फिरवल्या. जॉबने विचारलं, का? जॉस गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. कार्सलेक बिअरचा पेला हातात धरून ऐकत होता.

जॉब उठला आणि काठी घेऊन दाराकडे निघाला. म्हणाला, "फाटकापाशी न्या आणि सोडा. मेंढ्या खोटं बोलत नाहीत."

आम्ही सगळे डोंगराच्या फाटकाशी गेलो. थंडी होती, पण हवा स्वच्छ होती आणि वरचं सगळं दिसत होतं. फाटकातून वाट चढते. एका खडकापाशी तिचे दोन फाटे होतात. डावीकडचा ब्रॅकनहाउच्या उताराकडे, उजवीकडचा मर्क होलवरून डोंगराच्या खांद्यापलीकडे गिलफूटच्या भागात. मेंढ्या डावीकडे गेल्या तर डोराच्या, उजवीकडून खांदा ओलांडून गेल्या तर जॉसच्या, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. जॉबने फाटक उघडलं. मी डोराच्या अगदी शेजारी गडग्याला टेकून उभी होते.

मेंढ्या खडकापाशी थांबल्या, थोडं चरल्या आणि उजवीकडे वळल्या.

मागे कुजबूज झाली. कुणीतरी जॉसच्या पायाशी थुंकलं. डोरा म्हणाली, "बघितलंत?" तिचा आवाज चढलेला नव्हता. तिला खूप बरं वाटलं असणार. इतकी वर्षं सगळ्या जगावर घेतलेला संशय एकदाचा खरा निघाला होता. मी जॉसकडे बघितलं. तो डोंगराकडे बघत नव्हताच. तो डोराकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते मला विचित्र वाटलं, म्हणून मी पुन्हा वर बघितलं.

मेंढ्या मर्क होलमध्ये उतरल्या होत्या. खांद्यावरून पलीकडे जायची वाट सरळ होती, पण त्या त्या वाटेने गेल्या नाहीत. पुढची म्हातारी मेंढी वाट सोडून मेंढवाड्याकडे गेली आणि त्याच्या पडक्या भिंतीला आडोशाला उभी राहिली. बाकीच्या तिच्यामागे. चौघी भिंतीला अंग लावून, खाली आमच्या दिशेला तोंड करून उभ्या होत्या. चरत नव्हत्या. कुणाची तरी वाट बघत असल्यासारख्या उभ्या होत्या.

पुष्कळ वेळ तशा राहिल्या. मग म्हातारी वळली, खांद्यावर चढली आणि पलीकडे गिलफूटच्या भागात दिसेनाशी झाली. तिच्यामागून बाकीच्याही गेल्या.

लोकांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मेंढ्या शेवटी गेल्या त्या उजवीकडेच. कार्सलेकने कॉलर वर केली. जॉब मात्र अजून मेंढवाड्याकडे बघत होता. माझ्या शेजारी डोरा गडग्यावरून पार पुढे वाकली होती. मला वाटलं ती पडेल, म्हणून मी तिचं कोपर धरलं. तिने ते सोडवून घेतलं.

मला समजायला जरा वेळ लागला. गिलफूटच्या मेंढीला त्या मेंढवाड्यापाशी कधी कुणी गवत घातलेलं नव्हतं. तिथे गवत घालणारा माणूस एकच, आणि तो गेला त्याला कितीतरी वर्षं झाली होती. थंडी पडली की तिथे उभं राहायचं आणि खालून भारा घेऊन कुणीतरी येतं, हे फक्त ब्रॅकनहाउची मेंढी जाणत होती. त्या डोराच्याच मेंढ्या होत्या. त्यांचा ठाव मर्क होलच. पण तिथे त्यांना राखायला, डोंगराच्या वरच्या धारेवरून माघारी वळवायला कुणी जात नव्हतं, म्हणून पलीकडे चांगलं गवत बघून त्या गेल्या होत्या आणि तिकडच्याच होत चालल्या होत्या.

हे जॉसला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्याच्या कळपाबरोबर त्या खाली यायच्या. मेळ्यात आणायच्या म्हटलं तर दर वर्षी इतक्या चुकार मेंढ्या कुठून येतात हे सगळ्या खोऱ्याला आणि इस्टेटला कळलं असतं. म्हणून तो त्या गुपचूप कातरायचा, तिचा लाल रंग मारायचा आणि धारेवरून तिच्या बाजूला हाकलायचा. डोराला तसं सांगायचं तर तू मर्क होलला का जात नाहीस हे विचारावं लागलं असतं. विल्सनला तिथून खांद्यावर आणणारा माणूस ते कसं विचारणार?

त्या क्षणी डोराने नुसतं तोंड मिटून घेतलं असतं तरी चाललं असतं. सगळ्यांनी आपापल्या डोळ्यांनी बघितलं होतं. चोर जॉस ठरला होता, आणि तो नाही म्हणत नव्हता. ब्रॅकनहाउ तिच्याकडेच राहिलं असतं. मला तिची खोड माहीत होती, म्हणून भीती वाटली की ती गप्प बसेल.

जॉबने विचारलं, "डोरा, तुझं समाधान झालं?"

"माझ्या आहेत त्या," डोरा म्हणाली. "चारही माझ्या." मग ती कार्सलेककडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "विल्सनच्या मेंढवाड्याशी थांबल्या, बघितलंत ना? तो गेल्यापासून मी तिकडे पाऊल ठेवलेलं नाही. माझा हेफ्ट मोडलाय, साहेब. याने चोरलं नाही काही. माझं काम केलं याने."

जॉस ॲलनबी चोर म्हणून उभा होता तोवर ताठ होता, तो आता मान खाली घालून बूट बघायला लागला.

डोराने त्याला विचारलं, "लोकर कुठे जाते?"

"तुझ्या कोठारात. मागच्या दाराने आणून टाकतो. दर वर्षी."

जे कमी भरलं ते डोराने नेमाने मोजलं होतं. जे जास्त भरलं ते कधी मोजलंच नव्हतं.

कार्सलेक वाईट माणूस नव्हता, पण तो इस्टेटचा माणूस होता. त्याने सांगितलं, पुढच्या मेळ्यापर्यंत वेळ आहे. त्या दिवशी कळप मर्क होलच्या बाजूने, आपल्या जागेवरून खाली आला तर ठीक. नाहीतर ब्रॅकनहाउला दुसरा भाडेकरू बघावा लागेल. जॉब म्हणाला, एका वर्षात मोडलेला हेफ्ट कुणी जोडला आहे का? कार्सलेक म्हणाला, ते मला माहीत नाही, पण माझ्या हातात एवढंच आहे. टेटी पॉट तोवर थंड होऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाची मागची खिडकी उघडली. लाल टोपी खडकापाशी होती. तिथे बराच वेळ होती. मी तेवढ्या वेळात पावाचा ट्रे लावला, दूध आत घेतलं. पुन्हा बघितलं तेव्हाही तिथेच. मला वाटलं, काही नाही, ही परत फिरणार. मग पाठीवर गवताचा भारा घेऊन ती टोपी उजवीकडे वळली आणि मर्क होलमध्ये उतरली. मी त्या सकाळी रडले. रॉनीने काय झालं विचारलं, त्याला कांदा म्हणून सांगितलं, आणि तो भोळसट, त्याला ते पटलं.

त्या वर्षात डोरा किती चालली असेल कोण जाणे. पावसात, धुक्यात, गारांत, रोज. धारेवर उभी राहून एकेक मेंढी माघारी वळवायची. पलीकडून जॉस वळवायचा. दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत, धारेच्या दोन बाजूंनी नुसत्या काठ्या वर करायचे. संशय तिचा गेला असं मी म्हणणार नाही. वसंतात ती मला म्हणाली, हा मला बघून काठी वर करतो तेव्हा दुसऱ्या हातात काय असतं ते दिसत नाही. मी म्हटलं, काठीच असेल गं. तुझ्याकडे बघूनच त्याला दोन लागत असतील. ती हसली. विल्सन गेल्यावर पहिल्यांदा मी तिला हसताना बघितलं.

पुढच्या नोव्हेंबरात डोंगर झाडला तेव्हा सगळे शेजारी वर होते आणि कार्सलेक फाटकाशी दुर्बीण लावून उभा होता. ब्रॅकनहाउचा कळप मर्क होलच्या मेंढवाड्यावरून, लाल रेघा घेऊन, ओळीने खाली आला. सगळाच आला असं नाही, तीनचार पलीकडून जॉसच्या कळपात आल्या. कार्सलेकने दुर्बीण मिटली आणि जॉबला म्हणाला, आत जाऊन काही गरम खाऊ या. एवढंच बोलला, पण डोराने ते ऐकलं.

त्या आठवड्यात जॉस दुकानात आला तेव्हा डोरा काउंटरपाशीच होती. त्याने कोटाच्या खिशातून लाल स्मिटचा डबा काढून तिच्यापुढे ठेवला. म्हणाला, हा तुझा रंग. आता मला नको.

आपल्या स्मिटचा रंग कुणी दुसऱ्याच्या घरात ठेवत नाही. जुन्या लोकांत तर भावालाही देत नाहीत. ज्याच्या हातात तुमचा रंग त्याच्या हातात तुमचा कळप. डोराने डबा उचलला आणि सवयीने तळहातावर तोलून बघितला. डबा जड होता. वर्षभरात जेमतेम उघडला गेला असावा.

मग तिने तो परत जॉसच्या हातात ठेवला. "असू दे तुझ्याकडे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीही दोनचार येतील माझ्या. रेघ जरा सरळ मार."

जॉसने डबा खिशात घातला आणि जमिनीकडे बघत बाहेर गेला. डोराने साखरेची पिशवी उचलली, तोलली, खाली ठेवली, दुसरी उचलली.

"ही हलकी आहे, मँडी," ती म्हणाली.